वेंडेलच्या खांद्यावरची गोधडी

अमेरिकेतल्या आम्हा लाकोटा आदिवासींत मावशीला आईच म्हणतात, म्हणून ऑरेलिया माझी आई. पंचाहत्तरीची, गुडघ्यांनी पार थकलेली. तिचा एकुलता एक डॅरिल गेला तेव्हा तिने केस कापले आणि वर्षभर गोधड्या शिवत बसली. वर्ष फिरलं की आमच्यात दुःख पुसायचा दिवस करतात. गेलेल्याच्या नावाने सगळं वाटून टाकायचं, आणि वाटलेल्याकडे परत वळून बघायचं नाही.

डॅरिलला खांदा देणाऱ्या चौघांना तिने दफनाच्या दिवशीच एकेक चांदणीच्या नक्षीची गोधडी दिली होती. त्यातली वेंडेलची मला हमरस्त्यावर दिसली, पर्यटकांसाठी थाटलेल्या त्याच्याच दुकानात, विकायला टांगलेली. वर चिठ्ठी टोचलेली: ‘पवित्र, अस्सल.’ डॅरिलच्या ताटात जेवून मोठा झालेला माणूस हा.

“मी काढून आणते,” घरी येऊन मी म्हणाले.

“दिली ना? मग त्याची झाली.”

“आणि शनिवारी, डॅरिलच्या दिवसाला, ही पण त्यालाच देणार?”

ही म्हणजे तिची सगळ्यांत देखणी. चांदणीच्या मधोमध डॅरिलचा निळा सदरा होता.

“कबरीपाशी चौघांची नावं घेऊन शब्द दिलाय मी. तुझ्या रागापायी एक गाळू?”

“त्या हलकटाचं गाळ.”

“सुई ओव,” ती म्हणाली.

शनिवारी सभागृहात आधी डॅरिलचं पान बाहेर ठेवलं, मग पंगत बसली. वेंडेल भांग पाडून आला होता. रस्सा दोनदा मागून घेतला. त्याचं ते चपाचपा खाणं बघून मी माझं ताट बाजूला सारलं. त्याचं नाव पुकारलं तशी आई लंगडत पुढे गेली, गोधडी त्याच्या खांद्यांवर घातली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “दुकानात उजव्या भिंतीला टांग रे बाळा. डावीकडे ऊन येतं, डॅरिलचा रंग उडेल.”

सगळ्यांचे चमचे थांबले. वेंडेलची मान लालबुंद झाली.

“हो, आई,” तो पुटपुटला. कोडगा इतका, की रीतीप्रमाणे हातही मिळवला.

सोमवारी मी मुद्दाम दुकानात गेले. दोन्ही टांगल्या होत्या. नवी उजवीकडे. मी त्याच्या दारात थुंकले आणि घरी येऊन सांगितलं.

“ऊन लागतं का?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग झालं तर,” ती म्हणाली, आणि मनगटानेच डोळे पुसत राहिली. दुःख पुसायचा दिवस होऊन दोन दिवस झाले होते.