सोन्याच्या वेलीतली जुनी कळी

कासममियाँ गेल्याचे मला कचेरीत कळले. समोर अर्धे बातमीपत्र होते. दरबारात काय घडले ते लिहून दूरच्या छावण्यांना धाडणे, ही माझी चाकरी. पत्र पुरे केले आणि मग शनिवार पेठेत त्यांच्या घरी गेलो. तोवर दफन उरकले होते... त्याला आता तीन आठवडे झाले.

ते पोलादावर सोन्याची तार ठोकून नक्षी उमटवीत. दरबारातून सरदारांना बहुमानाने दिल्या जाणाऱ्या तलवारी त्यांच्या हाताखालून जात. त्यांचा मुलगा युसुफ स्वतःचे घोडे-हत्यार घेऊन स्वारीवर गेला, त्याचा पुढे ठावठिकाणा लागला नाही. दर शुक्रवारी नमाज आटोपून कासममियाँ माझ्याकडे येत.

"काय बातमीवाले, आमच्या युसुफचं काही?"

"नाही."

"सरदाराला शिंक आली तरी तुम्हाला कळतं. पोरगं मात्र कळत नाही." एवढे बोलून उठत.

मग दसऱ्याच्या दरबारासाठी सरकारी शस्त्रागारातून एक जुने पाते त्यांच्याकडे सजावटीला आले. त्यानंतरही ते शुक्रवारी येत, पण विचारीत नसत. विसरू लागले असावेत, असे मी धरले. मला बरेच वाटले. दसऱ्याला ती तलवार एका सरदारांना दिली गेली. मी पत्रात लिहिले, मुठीपासून टोकापर्यंत सोन्याची एकच वेल, काम उत्तम.

परवा कासममियाँच्या पत्नी फातिमाबी म्हणाल्या, "भाऊ, ती वेल एका कळीतून निघते. कळी जुनी आहे. युसुफ निघाला तेव्हा यांनीच त्याच्या तलवारीवर ठोकली होती."

रणात पडलेली हत्यारे गोळा होऊन शस्त्रागारात येतात, हे मला ठाऊक होते.

"मग ते बोलले का नाहीत?"

"बोलले असते तर काम दुसऱ्याकडे गेलं असतं. त्यानं कळी खरवडून टाकली असती."

तलवार मिळालेले ते सरदार सध्या सदाशिव पेठेत उतरले आहेत. काल त्यांच्या बैठकीत ती तलवार पाहिली. "बघा, कारागिराचा हात कसा आहे!" ते म्हणाले. मी पाहिले. मुठीलगत गव्हाच्या दाण्याएवढी कळी. बाकी वेलीपेक्षा तिचे सोने झिजलेले... कोणाच्या तरी अंगठ्याने.

माझ्या पत्रात तलवार कोणी दिली आणि कोणाला दिली, ही दोन्ही नावे आहेत. तिसरे, ती आधी ज्याच्या कमरेला होती त्याचे, नाही. पत्र केव्हाच पोहोचले आहे.