कूलर बंद

एप्रिलात नांदेडला गच्चीवरच्या खोलीत बसून मी शाळांसाठी व्हीआर गेम बनवत होते. हेडसेट डोळ्यांवर चढवला की पोरं थेट सहस्रकुंडच्या धबधब्यासमोर उभी राहणार होती. पण थोड्याच वेळात हेडसेट तापायचा आणि पाणी अडखळत पडायचं.

पुण्याच्या ऑफिसातले आमचे सर फोनवर म्हणाले, "इथं एसीत मस्त चालतंय. प्रॉब्लेम तुमच्या गावाचा आहे. इकडं येऊन काम कर."

माझं डोकंच फिरलं. म्हणलं, "सर, हा गेम किनवटच्या शाळांत जाणार हाय. तिथं कुठला एसी? इथंच चालवून दाखवते."

मग मी कूलरही मुद्दाम बंद केला. घामेजल्या कपाळावर हेडसेट चढवून बघत राहिले, तेव्हा ध्यानात आलं की हलतं ते फक्त पाणी. काळा खडक जागचा हलत नाही आणि आम्ही त्याचाही व्हिडिओ चालवत बसलो होतो! व्हिडिओ पाण्यापुरता ठेवला, बाकी सगळीकडं साधा फोटो लावला, तसा हेडसेटवरचा भार उतरला आणि तो तापायचा थांबला. भर दुपारी पाणी न अडखळता कोसळायला लागलं.

सरांचा फोन आला. "जमलं म्हणे! शेवटी एसी घेतलासच ना?"

"न्हाई सर, कूलरबी बंद हाय. आता तुम्ही एसी बंद करून तुमचे बाकीचे गेम चालवून बघा."