एक अंश कमी

मे महिन्यात लोक थंड हवेच्या ठिकाणी जातात. मी सेलूहून एसटीने निघतो, जिंतूरला गाडी बदलतो आणि पुढे डोंगरातल्या एका लहानशा गावी मित्राकडे चार दिवस राहून येतो. वीस-बावीस वर्षं हे चालू आहे; गेली दोन वर्षं तेवढी चुकली. त्यात थंडाव्याचा संबंध कधीच नव्हता. तो शाळेत भूगोल शिकवायचा, मी कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देत-घेत होतो. दोघांनाही उन्हाळ्याची सुट्टी होती आणि दोघांनाही दुसरं कुणी बोलावत नव्हतं.

त्याच्या ओसरीच्या भिंतीवर एक तापमापक असायचा. लाकडी पट्टीचा, शाळेने टाकून दिलेला. रोज दुपारी तीन वाजता चष्मा कपाळावर सरकवून तो आकडा बघायचा आणि वहीत लिहायचा. पहिल्याच वर्षी मी म्हणालो होतो, डोंगरात सेलूपेक्षा बरं असेल नाही? त्याने माझ्याकडे मागच्या बाकावरच्या पोराकडे बघावं तसं बघितलं आणि धडा दिला. दर एकशे साठ मीटरला एक अंश उतरतो. तुझ्या गावाची उंची आणि माझ्या गावाची उंची धरली, तर इथवर येण्याचा तुला एक अंश फायदा, आणि तो एसटीत बसून फिटलेला. तेव्हापासून मी गाडीतून उतरलो की तो विचारायचा, "एक अंश लागला का?"

यंदा त्याने विचारलं नाही.

यंदा स्टँडबाहेरच एक मोठी कमान उभी होती. गावाच्या वरच्या पठाराला आता 'पॉइंट' म्हणतात. तिथल्या एका लोखंडी कठड्याचं भूमिपूजन झालं, मग उद्घाटन झालं, मग लोकार्पण. कठडा एकच आहे. कमानीवर तालुक्याचे नेते हात जोडून उभे होते, खाली 'मराठवाड्याचे महाबळेश्वर' असं लिहिलेलं, आणि नेत्यांच्या मागे बर्फाचे डोंगर आणि देवदाराची झाडं. त्या बर्फाच्या सावलीत दोन शेळ्या धापा टाकत बसल्या होत्या. फलकाचा एवढा उपयोग मी पहिल्यांदाच पाहिला.

घरी पोचलो. ओसरीच्या भिंतीवर तापमापकाच्या जागी खिळा होता आणि खिळ्याखाली चुन्याची एक उजळ पट्टी.  वहिनींनी तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, "भावजी, बघा कसं वारं सुटायलंय. लय गार वाटतंय का न्हाई?"

मी तेव्हा रुमालाने मान पुसत होतो. मित्र, वहिनी आणि त्यांचा मुलगा, तिघंही माझ्या रुमालाकडे बघत होते. मुलगा म्हणाला की काका, खाली गरम झालं असेल, वर आल्यावर फरक पडतो. मी म्हणालो, पडतो. रुमाल खिशात ठेवला. त्यानंतर घाम पुसायचा असला की मी न्हाणीघरात जायचो. दोन दिवसांत इतक्या वेळा गेलो की वहिनींनी पोटाला बरं आहे ना म्हणून विचारलं.

प्रकार काय तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळला. आम्ही नेहमीसारखे पठारावर गेलो. पूर्वी तिथे एका खडकावर बसायचो. त्या खडकाच्या जागी आता माणसाच्या उंचीची लोखंडी अक्षरं आहेत, 'आय लव्ह', मग लाल बदाम, मग गावाचं नाव. दिवसभर ऊन खाल्लेल्या त्या बदामाला मी चुकून हात लावला आणि झटकन मागे घेतला. शेजारीच त्यांचं शेत, आणि शेताच्या कडेला मुलाने बांधलेल्या तीन खोल्या आणि चहाचं हॉटेल. पॉइंट होणार म्हणून त्याने पुण्याची नोकरी सोडली होती. खोल्यांना कुलपं होती.

कठड्याला टेकून मित्राने सगळं सांगितलं. आवाज वर्गात हजेरी घेतल्यासारखाच. पहिले दोन उन्हाळे रिकामे गेले. "हा तिसरा. न्हाई चाललं तर जूनमधी पुण्याला परत जायलाय तो. सूनबाईनं तिकडं पोरांची शाळा बघून ठिवलीय. मग आमी दोघंच."

 खाली रस्त्यावरून एक एसटी धुरळा उडवत वळणाआड गेली. तो म्हणाला, "तू पेपरात लिहितोस. इथं गार हाय म्हणून लिही."

रविवारच्या पुरवणीत मी अधूनमधून लिहितो, हे खरं. लिहितो ते अशाच कमानी, अशाच उद्घाटनांबद्दल. लोक हसतात, पुढच्या रविवारी विसरतात. मी विचारलं, "तापमापक कुठंय?"

"कपाटात. हॉटेलातलं गिऱ्हाईक घरी पाणी प्यायला आलं, की पहिलं त्यालाच बघायचं."

"आणि वही?"

"मार्चपासून कोरी हाय," तो म्हणाला, आणि चष्मा पुसायला लागला.

एकदा मुलाच्या लग्नात मांडवातून उठून तो तीनचा आकडा बघायला गेला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. खरं तेच लिहायचं, असं मी स्वतःबद्दल समजत आलो. पण माझा मुलगा कुठे हॉटेल चालवतो? मी त्याला हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. दोघेही थकलो होतो. उतरताना त्याने एकदा माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो आधारासाठी असावा.

आम्ही गच्चीवर झोपायचो. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला मला जाग आली, ती पाय आखडल्यामुळे. झोपेतच मी वहिनींनी उशाला ठेवलेली वाकळ गळ्यापर्यंत ओढून घेतली होती. डोंगराकडून वारा येत होता. खरोखर गार. शेजारच्या खाटेवर मित्र उठून बसलेला होता, माझ्याकडेच बघत.

"लागलं का?" त्याने विचारलं.

"लागलं," मी म्हणालो.

सव्वासहाला ऊन गच्चीवर आलं आणि आम्ही अंथरुणं गुंडाळून खाली पळालो. मी तसाच ओसरीवर बसून लिहून काढलं. पहाटेचा वारा, वाकळ, डोंगरामागून उजाडणं, खालच्या वस्तीवरचा पहिला धूर. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. दिवसाला आणखी तेवीस तास असतात, एवढं फक्त मी लिहिलं नाही.

मित्राने ते हातात लाल पेन घेऊन वाचलं. ती त्याची जन्माची सवय. एकाच ठिकाणी थांबला. मी 'हुडहुडी' लिहिलं होतं. त्यावर काट मारून त्याने वर 'गारवा' लिहिलं.

"हुडहुडी न्हाई भरत इथं," तो म्हणाला. "मे मधी तर न्हाईच."

चौथ्या दिवशी निघताना त्याने मला टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक लांबट वस्तू दिली. उघडून बघायची गरज नव्हती. तुझ्याकडं टांग, एवढंच म्हणाला. मी ती मांडीवर आडवी धरून जिंतूरपर्यंत आणि पुढे सेलूपर्यंत आणली. कंडक्टरने विचारलं, बासरी हाय का?

लेख छापून आला. मुलाने त्याला प्लास्टिकचं आवरण चढवून तो गल्ल्यामागे लावला. फोनवर सांगत होता की लोकं यायलेत, परभणीहून, सेलूहून, एक कुटुंब तर पालमहून. सगळे भर दुपारी पोचतात, गाडीतून उतरतात आणि गार कुठंय म्हणून विचारतात. तो त्यांना सांगतो, पहाटे बघा. काही जण वळून जातात. काही जण पहाट बघायला राहतात. शनिवारी तिन्ही खोल्या भरल्या होत्या, इतर वारांचं तो बोलला नाही. सूनबाईने पुण्यातली शाळा अजून सोडलेली नाही. जून यायचा आहे.

तापमापक माझ्या दारामागे टांगला आहे. रोज दुपारी तीनला फोन वाजतो. तो नमस्कार-चमत्कार करत नाही. "किती?" म्हणून विचारतो, मी चष्मा कपाळावर सरकवून बघतो आणि सांगतो.

काल मी त्रेचाळीस म्हणालो. पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"म्हणजे बेचाळीस," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.