आधी खाच, मग धुणं

साकोलीत हायवेला लागून माझं वर्कशॉप आहे. तिथे एक सीएनसी मशीन आहे. कॉम्प्युटरवर काढलेला आकार ते लाकडात कोरतं. देवघरं, दारं, हॉटेलांच्या छताच्या जाळ्या, सगळं त्यावर होतं. नागपूरचे आर्किटेक्ट फाईल पाठवतात, मी ती तपासतो, फळी आवळतो, बटण दाबतो. मग मला फारसं काही करावं लागत नाही. धूळ ओढणारा पंखा घोंघावत असतो आणि मी खुर्चीवर बसलेला असतो. गेली दोन वर्षं मी असाच बसलेला आहे, असं मला वाटतं.

माझे वडील सुतार. आमचं गाव वैनगंगेच्या काठी होतं, ते गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. गावच्या देवळाला सागाच्या आठ खांबांचा सभामंडप होता. पुराचं पाणी मंडपात शिरलं की एका ठरलेल्या खांबावर त्याची खूण करायची, हे काम आमच्या घराकडे होतं. पाणी ओसरलं की खांबावर गाळाची रेघ राहायची. त्या रेघेवर वडील पटाशीने बोटभर रुंद खाच पाडायचे. तोवर मंडपात कोणी झाडूसुद्धा लावायचा नाही. आधी खाच, मग धुणं. एकदा धुतलं की पाणी कुठवर आलं होतं ते कोणीच खात्रीने सांगू शकत नाही, जो तो आपापलं सांगतो. खांबावर नऊ खाचा होत्या. दोन आजोबांच्या, सात वडिलांच्या.

गाव उठायच्या वेळी पुनर्वसनाच्या गावात तसाच मंडप उभारायचं ठरलं. वडिलांचं म्हणणं होतं, खांब सोडवून न्यावेत, खालचा सडलेला हातभर भाग कापून तिथे नवं लाकूड सांधावं. मी नुकताच स्कॅनर घेतला होता. तो हातात धरून खांबाभोवती फिरवला की खांबाचा आकार हुबेहूब कॉम्प्युटरमध्ये उतरतो, बारीक चिरेसकट. बैठकीत मी लॅपटॉप उघडून सगळ्यांना दाखवलं. जुनं लाकूड कशाला नेता, सोबत वाळवी येईल, म्हणालो. सगळं यात आहे, मशीन नव्या सागात जसंच्या तसं कोरून देईल. लोकांना पटलं. "सुतारबुवा, पोरगा तुमाले रिटायर करून राहिला," कोणीतरी वडिलांना म्हणालं. तेही हसले. खांब तिथेच राहिले. आता त्यांच्यावर पाणी आहे.

वर्कशॉपमध्ये फाईल साफ करायला बसलो. स्कॅनमध्ये वाळवीची भोकं, जुने खिळे, तोरणाच्या दोऱ्यांनी पडलेले चरे, सगळं आलं होतं. असलं सगळं एका फटक्यात बुजवून पृष्ठभाग गुळगुळीत करायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. त्या खांबावर आलो तेव्हा खाचा दिसल्या. मोजता येतील इतक्या स्पष्ट होत्या. मी त्या ओळखल्या. हे मी इतके दिवस सांगायचं टाळत आलो, म्हणून इथे लिहून ठेवतो. त्या वगळून साफ करायला अर्धा तास गेला असता. पण आठही खांब एकसारखे यावेत, फोटोत काम स्वच्छ दिसावं, ते फोटो आर्किटेक्टांना पाठवता यावेत, एवढंच डोक्यात होतं. मी आठही खांब एकत्र निवडले आणि एंटर दाबलं. खाचा बुजल्या. मी चहा प्यायला बाहेर गेलो.

मंडप उभा राहिला त्या दिवशी वडील आले. चपला काढून सरळ त्या खांबापाशी गेले. मोतीबिंदू झाल्यापासून ते लाकूड हातानेच बघतात. तळवा खालून वर नेला, वरून खाली आणला. मग शेजारच्या खांबावर फिरवला, आपणच चुकीच्या खांबाशी आलो का, हे बघायला. पुन्हा पहिल्यापाशी आले. मी बाजूला उभा होतो.

"बारीक होत्या," ते म्हणाले. "तुह्या मशीनले दिसल्या नसन."

"हो बाबा," मी म्हणालो.

त्यांनीच मला वाट करून दिली आणि मी त्या वाटेने निघून गेलो. काम चांगलं झालं, असं त्यांनी चार लोकांना सांगितलं. नंतर विषय काढला नाही. जुन्या मंडपात ते त्या खांबाला टेकून बसायचे. इथे बाहेर पायरीवर बसू लागले. आत उकडतं म्हणतात, असं आई सांगायची.

फोटो बघून मला खरंच कामं आली. जुन्या वस्तूची इतकी खरी प्रत कशी काढता, असं एका आर्किटेक्टने फोनवर विचारलं. मी सगळं नीट समजावून सांगितलं. सांगताना काहीच वाटलं नाही. पाय बधिर झाल्यावर आपण चिमटा काढून बघतो, तसं मी मुद्दाम त्या खांबाचं नाव काढून बघितलं. तरी काही नाही.

मूळ स्कॅन हार्डडिस्कवर होता. या उन्हाळ्यात एका दुपारी तो उघडला. नऊच्या नऊ खाचा होत्या. प्रत्येकीची फरशीपासूनची उंची काढली, वरून खाली अशी यादी छापली आणि घरी गेलो. वडील अंगणात विळ्याला मूठ बसवत होते.

"बाबा, मशीनले दिसल्या होत्या," मी म्हणालो.

"मंग?"

"म्याच पुसल्या."

त्यांनी मुठीवर आणखी दोन-तीन ठोके मारले. मग म्हणाले, "धुतलं आधी."

आवाज चढला नव्हता. मी घाईघाईने सांगू लागलो की मापं आहेत, त्याच उंचीवर खाचा पुन्हा पाडता येतील, तुमच्याच हाताने, उद्यासुद्धा.

"इथं कवा पाणी आलं?" त्यांनी विचारलं. "आलंच नाही त खाच कायची?"

मी कागदाची घडी करायला लागलो, तर म्हणाले, "वाच."

सगळ्यात वरची होती अठ्ठेचाळीस इंच. त्यांनी विळा खाली ठेवला, उठले, भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि मला टेप धरायला सांगितला. टेपचं टोक जमिनीला टेकवून मी वर नेला. अठ्ठेचाळीस इंचावर अंगठा धरला, तो त्यांच्या गळ्यापाशी आला.

"नाही," ते म्हणाले. "छातीले होतं. मी उभा होतो त्या पाण्यात."

मी पुन्हा मोजलं. तेवढंच आलं. त्यांनी हनुवटी खाली करून, डोळे बारीक करून माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पाणी तेवढंच होतं, बाबू," ते म्हणाले. "मीच कमी झालो."

ते भिंतीपासून हलले नाहीत.

"खालची वाच," ते म्हणाले.

मी एका हाताने कागद उलगडला आणि खालची वाचली.