घरच्या प्लगवरचा लेथ

आमच्या वटार गावात बाई लोखंड कापते म्हटलं की पाहुणे हसतात. आमच्याकडे बाईनं कापायचं ते केळीचं पान, फार तर सुरमई. विनया राऊत ही दोन्ही कापते, वर लोखंडही कापते, आणि हसणाऱ्याला, 'च'चा बऱ्याचदा 'स' आणि 'ळ'चा 'ल' करणाऱ्या आमच्या बोलीत, विचारते, "तुमश्या घरसा मिक्सर कोन दुरुस्त करतं?" पाहुणा चहा मागतो. त्याचा मिक्सर चार वर्षं माळ्यावर पडलेला असतो.

बावन्न वर्षांची बाई. उंची बेताची, मनगटं जाड, बोटांवर तांब्याच्या तारेनं पाडलेल्या बारीक चिरा. वसईच्या पूर्वेला हायवेलगतच्या एका गाळ्यात तिनं एकवीस वर्षं मोटरी भरल्या. मोटर भरणं म्हणजे आतली जळलेली तार उपसून नवी तार वेढ्यावेढ्यानं बसवणं. मालकानं गाळा बंद केला त्या दिवशी भंगारवाला वजनकाटा घेऊन दारात उभा. विनयानं त्याला भाव विचारला आणि त्याच भावानं एक ड्रिल मशीन आणि एक ग्राइंडर स्वतःच उचलला.

टेम्पो आळीत शिरला तेव्हा तिचा नवरा श्रीरंग ओट्यावर मोगरा मोजत बसला होता. त्यानं धूड बघितलं.

"ह्याला खायला काय लागतं?"

"थ्री फेज."

"आपल्याकडं हाय?"

"नय."

"मग?"

"मग बग."

या 'मग बग'वर तिचा सगळा धंदा उभा आहे. कारखान्यातल्या मोटरीला विजेच्या तीन तारा लागतात. तिघी आळीपाळीनं ढकलतात तेव्हा ती फिरते. घरात येते ती एकच. म्हणून गाळे बंद पडले की चाळीस-चाळीस वर्षांची खणखणीत मशिनं थेट भट्टीत वितळायला जातात. विनया मोटर खोलते. आत तीन टोकं एकत्र बांधून पुरलेली असतात, ती सोडवते, बाहेर काढते आणि मोटर घरच्या विजेच्या दाबावर जुळवून घेते. मग मध्ये एक डबा बसवते. ड्राइव्ह म्हणतात त्याला. हा डबा घरच्या एका तारेतून तीन तारांचं काम काढतो आणि मशीन हळूहळू उठवतो, गाभण म्हशीला उठवावं तसं.

याहून स्वस्त वाट कपॅसिटरची, पंख्यात असतो तसाच पण जाडजूड. तो मोटरीच्या कानाखाली वाजवतो आणि तिला उठवतो. मोटर उठते खरी, पण उठताना अख्ख्या आळीची वीज ओरबाडते. कितीतरी जण तेवढंच करतात, वरून हिरवा रंग फासतात आणि विकतात. विनया आता त्या वाटेला जात नाही. तिचा नियमच आहे: मशीन गिऱ्हाईकाच्या घरी न्यायचं, त्याच्याच प्लगला लावायचं, फ्रिज, पंखे, टीव्ही सगळं चालू ठेवायचं आणि घरच्या सगळ्यांसमोर चालवून दाखवायचं. टीव्हीवरची बाई हलली तर मशीन परत.

सहा वर्षांत अशी बरीच मशिनं आमच्या आळीतून बाहेर पडली. कुणी काही बोललं नाही. यंदा बोलले.

झालं असं की यंदाच्या थंडीपासून संध्याकाळी आळीतले दिवे मान टाकायला लागले. पंखे मंद व्हायचे, टीव्ही बंद पडून पुन्हा लागायचा. त्याच सुमारास विनया स्वयंपाक आवरून मागच्या शेडमध्ये शिरायची आणि लेथचा आवाज सुरू व्हायचा. लेथ म्हणजे लोखंड गरगर फिरवून सोलायचं मशीन. हा साडेचार फुटी होता, माणिकपूरच्या सुमेधसाठी तयार होत होता. मग तिचे थोरले दीर जगन्नाथ यांचा फ्रिज जळला. त्यांनी वीज कार्यालयाच्या नावानं अर्ज लिहिला: 'सौ. विनया राऊत यांच्या लेथ मशीनमुळे आळीतील वीजपुरवठा बिघडतो, सबब सदर शेड तात्काळ बंद करावी.' खाली अकरा सह्या. बाराव्या सहीसाठी ते श्रीरंगकडे गेले.

श्रीरंग म्हणाला, "भाऊ, मला तिच्याच हातचं जेवायचं हाय."

अर्ज सोमवारी जाणार होता. तो गेला की शेडची वीज तोडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तपासणी मागाहून, तोडणी आधी. शेड बंद म्हणजे विनयानं पुन्हा मोगऱ्याच्या टोपल्या भरायच्या आणि दिरांच्या ओट्यासमोरून खाली मान घालून जायचं. खाली मान घालून जाणारी ती नव्हेच. शनिवारी ती तडक त्यांच्या ओट्यावर गेली.

"भावोजी, माजं नाव नीट लिवलंय ना?"

"लिवलंय."

"मग उद्या दुपारी या समद्या सह्या घेऊन. लेथ चालवते. दिवा हलला तर शेडला मीच कुलूप लावते, सावी तुमश्या हातात."

"आनि नय हलला तर?"

"तर अर्ज फाडायसा नय. त्याच्यावरच खाली लिवायसं काय दिसलं ते, आनि अकराच्या अकरा सह्या पुन्यांदा."

जगन्नाथ हसले. सत्तर वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले, पण आवाज अजून पंचायतीतला. "चालंल. पन वायरमन माझा."

"तुमसाच आना."

त्यांनी प्लासिडला आणलं. प्लासिड शेजारच्या पाखाडीतला, म्हणजे ख्रिस्ती वस्तीतला, मीटर बघणारा, कुणाच्या बाजूनं न बोलणारा माणूस. त्यानं आल्या आल्या पहिली खोट काढली. आजचे एलईडी दिवे दाब उतरला तरी दाखवत नाहीत, जुना पिवळा बल्ब हवा. आळीत एकाही घरी पिवळा बल्ब निघेना, शोधता शोधता पाच वाजले. शेवटी प्लासिडनं स्वतःच्या घरून नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्याचा बल्ब आणला आणि जगन्नाथांच्या ओट्यावर लटकवला. त्याच्याशेजारी दाबाचं मीटर ठेवलं. दोनशे अठ्ठावीस व्होल्ट.

सुमेधही आला होता. बँकेत नोकरी, सुट्टीत लोखंडाचे नळ आणि झाकणं बनवायचा नाद. त्याच्या तळमजल्याच्या गॅलरीत लेथ जाणार होता. "मॅडम, प्रॉब्लेम असेल तर मी वेट करतो, नो टेन्शन," तो म्हणाला.

"प्रॉब्लेम अर्जात हाय, लेथात नय," विनया म्हणाली आणि शेडमध्ये गेली.

लेथ उठला. आधी गुणगुण, मग घोगरा आवाज, मग सरळ. आम्ही सगळे बल्बकडे टक लावून. मीटर दोनशे सव्वीसवर आलं आणि थांबलं. बल्बनं पापणीसुद्धा लववली नाही.

"रिकामा चालवते ती," जगन्नाथ म्हणाले. "रिकामी गाडी कोनीपन वडतं."

विनयानं ते भिंतीपलीकडून ऐकलं. तिनं मनगटाएवढी सळई लावली आणि पातं खोल घातलं. निळ्या पडलेल्या लोखंडाच्या सालींचा ढीग साचला. दहा मिनिटं. दोनशे पंचवीस. बल्ब तसाच. तिनं लेथ बंद केला, पदराला हात पुसत ओट्यावर आली आणि जावेच्या, शांताच्या, हातून चहाचा कप घेतला.

"लिवा," ती म्हणाली.

जगन्नाथांनी पेन शोधायला खिसे चाचपले. तेवढ्यात बल्ब खाली गेला. गेला म्हणजे एकदम गेला, आत नुसता तांबडा दोरा राहिला. मीटर एकशे चौऱ्याऐंशी. घराघरातून टीव्ही बंद पडल्याचे आवाज आले.

"बगा! बगा!" जगन्नाथ ताडकन उठले, गुडघे विसरून. "हाच तो! लेथ!"

सगळ्यांचे डोळे विनयाकडे वळले. ती त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होती, कप ओठाला लावून.

शांताच बोलली. "अहो, लेथ सा पितोय."

हसू फुटलं ते आवरेना. जगन्नाथ मात्र रागानं लाल. प्लासिड हसला नाही, तो कान देऊन ऐकत होता. वाडीच्या टोकाकडून, केळी आणि पानवेलींच्या पलीकडून, एक घुर्र घुर्र येत होतं. जगन्नाथांचा पंप. यंदा गुडघ्यांमुळे त्यांना वाडीच्या टोकापर्यंत जाववेना, म्हणून त्यांनी दिवाळीनंतर पंपाला टायमर बसवला होता. रोज साडेपाचला आपोआप सुरू. आधी ते पंप भर दुपारी हातानं लावायचे, तेव्हा दिवे कुणाचेच नसायचे. हे सगळ्यांना माहीत होतं आणि एकालाही सुचलं नव्हतं. पंप म्हणजे घरचा माणूस. घरच्या माणसावर कोण संशय घेतं?

सगळी वरात बावखलाकडे निघाली. बावखल म्हणजे आमच्याकडे ज्याच्या त्याच्या वाडीत असतं ते गोड्या पाण्याचं तळं; जगन्नाथांच्या बावखलाच्या काठावर पंपाची टपरी. प्लासिडनं पंप बंद केला आणि भिंतीवरचा लोखंडी डबा उघडला. आत दोन जाडजूड कपॅसिटर. लोडशेडिंगच्या वर्षांतला उद्योग. तेव्हा तीन तारा धड एकत्र यायच्याच नाहीत, पानवेली सुकायच्या, म्हणून आमच्या वाड्यांतून पंप एका तारेवर उठवायची युक्ती निघाली. पुढं तिन्ही तारा नियमित यायला लागल्या. पण चालतंय ते सोडवायचं कशाला, म्हणून युक्ती तशीच राहिली.

"कुनाचं काम हे?" प्लासिडनं विचारलं. जगन्नाथांना माहीत नव्हतं. तेव्हा ते नोकरीला डहाणूला होते, पंप त्यांच्या वडिलांनी करून घेतला होता, आणि वडील आता नव्हते.

विनया पुढं झाली आणि तारांवरची वाळलेली टेप सोलली. आत तारांची जुडी केळीच्या सोपानं, म्हणजे खोडाच्या सालीच्या धाग्यानं, बांधलेली होती, गजऱ्यात मोगऱ्याच्या कळ्या बांधतात त्या गाठीनं. आळीतल्या सगळ्या बायकांच्या हातात ती गाठ आहे. तारांना मात्र ती एकीनंच घातली होती.

तिनं टेप पुन्हा गुंडाळली असती तर विषय तिथंच मिटला असता.

"माजं," ती म्हणाली. "मामंजींनी सांगितलं, मी करून दिलं. तेवढंच येत होतं तवा."

जगन्नाथांच्या तोंडावर पुन्हा रंग चढला. "म्हंजे दोष तुजाच! माझा फ्रिज तूच जालला! मग शेड बंद!"

"दोष माजा. फ्रिजसा कॉम्प्रेसर मी बदलून देते. शेड का बंद?"

"का म्हंजे? तूच तर बोलली..."

"मी काय बोलली? दिवा लेथानं हलला तर. हलला? ह्या अकरा जनांनी बगितलं." ती वळली. "बोला की. हलला?"

एकानं मान हलवली, मग तिघांनी. शांता म्हणाली, "नय हलला." नवऱ्याकडे न बघता म्हणाली.

"तुमश्या अर्जात लेथ लिवलाय, भावोजी. लेथानं काय नय केलं. आधी खाली तसं लिवा. पंपासाठी दुसरा कागद काढा, विनया राऊतनं सोला वर्सांपूर्वी चुकीसं काम केलं म्हनून. त्याच्यावर पयली सही मी करते. पन एका कागदात दोन चोर घालू नका."

जगन्नाथांनी पंपाच्या टपरीला कागद टेकवून लिहिलं. अक्षर वाकडं, पण वाचता येण्याजोगं: 'लेथ चालवून पाहिला. दिवा हलला नाही. दिवा पंपाने हलतो.' अकरा सह्या झाल्या. दुसरा कागद विनयानं स्वतः मागून घेतला, त्यावर आडवी ठळक सही केली आणि त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी चार घड्या करून खिशात घातला.

तिनं दोन्ही कपॅसिटर कापून काढले. मग मोटरीचं झाकण खोललं, आत बोट घातलं, हुंगलं. तार काळी पडली होती. तिन्ही तारा आता जोडल्या तरी महिनाभर टिकणार नाही, पूर्ण भरावी लागेल, ती म्हणाली. दोन पोरांनी मोटर खांद्यावर घेतली आणि शेडमध्ये नेऊन ठेवली. सुमेधनं सोमवारी टेम्पो आणतो म्हणून सांगितलं. "उद्या तुमश्या प्लगवर, फ्रिज चालू ठेवा," विनयानं बजावलं.

जगन्नाथ शेडच्या दाराशी उभे राहिले. आत कधी आले नव्हते, आताही आले नाहीत. दारातूनच त्यांनी रांगेनं मांडलेली मशिनं बघितली.

"माझा पंप कवा मिलंल?"

"पालीनं. तुमश्या आधी दोन मशिनं हायत."

"पानवेली सुकतील, विनया."

"माज्या बावखलावरश्या पंपानं पानी घ्या," ती म्हणाली आणि लेथचं बटण दाबलं. "पाइप तुमसा आना."