चेअरमनच्या पोराचा फेटा

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. राजेशाहीचा धडा आला की पोरं हमखास विचारतात, "बाई, राजाचा पोरगा बिनकामाचा निघाला तर?" मी म्हणते, "तरी तोच राजा." पोरं हसतात. पूर्वी मीही हसायची.

कागलच्या वाटेवर आमचं गाव. गावची दूध संस्था वर्षानुवर्षं एकाच चेअरमनच्या हातात, आणि आमचे हे त्यांचे व्हाईस चेअरमन. पहाटे कुलूप काढायचं, फॅट कमी लागली म्हणून भांडणाऱ्या बायांची समजूत घालायची, टँकर आला नाही तर शिव्या खायच्या, सगळं ह्यांनी. चेअरमन फोटोपुरते.

म्हातारे चेअरमन वारले तेव्हा संस्थेची निवडणूक तोंडावर आली होती. रक्षाविसर्जनालाच चारजण ह्यांच्या कानाशी लागले, "आता तुम्हीच. दुसरं कोण हाय?" ह्यांनी घरी आल्यावर मला विचारलं, "भरू का फॉर्म?" ह्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी मागितलं होतं. मला इतका आनंद झाला की चहात साखर घालायची विसरले.

मग गाव गप्प झालं. तेच चारजण आम्हाला बघून वाट बदलायला लागले. एकाला मी गाठलंच, तर म्हणाला, "बघू की वैनी, दिवसकार्य तर होऊ द्यात." दिवसकार्याला काय होणार होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, आम्ही दोघं सोडून. काहीतरी शिजतंय एवढं मला कळलं. ह्यांना म्हटलं, "तुम्ही जाऊ नका."

"खुळी हैस काय? मयताचं घर हाय ते."

मंडप गच्च भरला होता. चेअरमनचा पोरगा पाटावर बसलेला. पुण्यात शिकलेला, म्हशीच्या जवळ कधी गेलेला नाही. त्या दिवशी पोराच्या डोक्याला फेटा बांधायचा तो मामानं, ही आमच्याकडची रीत. मामा उठला, फेटा उचलला आणि थेट ह्यांच्यापुढं धरला.

"पावणं, मान तुमचा. तुमच्याच हातानं बांधा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, पोरालाच चेअरमन करायचं आधीच ठरलं होतं. आपल्या हातानं ज्याला फेटा बांधला त्याच्याच विरोधात कोण उभा राहील? आणि मयताच्या दारात मान नाकारायचा तरी कसा? काय डाव टाकला मेल्यांनी! बायकांतून मी मान हलवत राहिले, नको, नको. ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि नजर खाली वळवली.

ह्यांनी फेटा बांधला. एक पीळ वाकडा गेला नाही.

मामानं खड्या आवाजात विचारलं, "मग, संस्था कुणी बघायची?"

सगळे ह्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"ह्यो बघंल की," हे म्हणाले.

शेजारची बाई डोळे पुसत कुजबुजली, "राजावानी दिसतोय गं." तिला तिथंच चार शब्द सुनावावेत असं वाटलं, इतका राग आला मला. एवढ्यात पोरगा उठला आणि मान ताठ ठेवून आमच्या बाजूनं चालत आला. माझ्याच पोराच्या वयाचा. एकेक करून बायका उभ्या राहिल्या. मीही उभी राहिले. मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी डोक्यावर पदर घेतला.