सोयरी नावाचं कुलूप

रोज सकाळी दात घासता घासता वर्षाराणी छबुबाईंची मराठी दुरुस्त करायची. छबुबाई अंबाजोगाईच्या आमच्या वसतिगृहात स्वयंपाक करायच्या. कढईवरची नजर न काढता त्या सांगायच्या, “आज दूध न्हाई आलं.”

“नाही आलं,” तोंडातला फेस सांभाळत वर्षाराणी म्हणायची.

“तेच म्हन्ते की मी. न्हाई आलं.”

मी एम. ए. मराठीची आणि ती संगणकाची. पण आमच्या खोलीत व्याकरणाचं खातं तिच्याकडे होतं. ती दिंद्रुडच्या कापड दुकानदाराची मुलगी. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात ती वर्गात उभी राहून “आमी गावाला गेलतो” म्हणाली आणि मागचे बाक हसले. त्या दिवशी तिनं जिभेला जी इस्त्री केली, तिची घडी नंतर कधी मोडली नव्हती. ‘हाय-न्हाई’ म्हणणारी माणसं आजूबाजूला असताना ती झोपेतसुद्धा ‘किंबहुना’ म्हणायची. हे मी ऐकलेलं आहे.

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत तिच्या संगणक वर्गाच्या दारावर कागद लागला: मुलींच्या बॅचसाठी हॅकिंग स्पर्धा. छबुबाईंना वाटलं, काहीतरी हाकायचं आहे.

“काय हाकनार गं ताई?”

“हाकायचं नाही. कुलूपबंद संगणक उघडायचा.”

“मंग किल्ली हरवली म्हना की.”

जिंकणारीला त्याच वर्गात शिकवायची नोकरी मिळणार होती. वर्षाराणीला ती हवीच होती, कारण तिचे वडील विरुपाक्षअप्पा स्पष्ट बोलले होते, नोकरी लागली तर राहा तिथं, न्हाईतर परीक्षा झाली की घरी यायचं. घरी काय होतं ते तिची आई उमाबाई दर फोनला सांगायची: लातूरचे पाहुणे. त्यांना मुलगी पाहायची घाई होती.

स्पर्धेच्या दिवशी मी मागच्या खुर्चीवर बसले होते, आवाज न करण्याच्या अटीवर. वर्ग चालवणारे सोमेश्वर सर तेलगावचे, पण पुण्याला राहून आल्यामुळे छापल्यासारखं बोलायचे. ते म्हणाले, “पडद्यावरची अक्षरं सगळी खरी आहेत. फक्त त्यांच्या जागा बदलल्या आहेत. मूळ वाक्य टाइप केलंत की संगणक उघडेल. संधी तीन.”

पडद्यावर होतं: लपंकी ईहापो सोयरी.

वर्गभर एकच कुजबुज झाली. लग्नाच्या वयाच्या मुलींना ‘सोयरी’ एवढंच दिसलं. कुणाची सोयरी, कुणाकडची, यावर पुढच्या रांगेत हसणं दाबता दाबता संधी संपल्या. मला ‘ईहापो’मध्ये ऊहापोह दिसत होता. साहित्याचा अभ्यास असा नको तिथे उपयोगी पडतो.

वर्षाराणीनं मात्र कोरा कागद ओढला. तिसऱ्या अक्षराला शब्द तुटतोय, हे तिनं हेरलं होतं. तिनं पहिला शब्द वरून खाली लिहिला, शेजारी दुसरा, त्याच्या शेजारी तिसरा. मग आडवं वाचलं. ल, ई, सो. पं, हा, य. की, पो, री.

लई सोपं हाय की पोरी.

माझ्या मागच्या खुर्चीवरूनही ते स्वच्छ दिसत होतं. मी सुटकेचा निःश्वास टाकला, तो जरा लवकर टाकला. कारण वर्षाराणीच्या कपाळाला आठी पडली होती, छबुबाईंच्या ‘न्हाई’ला पडायची तीच. तिनं टाइप केलं: खूप सोपे आहे की मुली.

संगणकानं नकार दिला.

कुलपाची किल्ली कानस लावून घासणारी मुलगी मी तोवर पाहिली नव्हती. तिनं पुन्हा कागदाकडे पाहिलं, नाक मुरडून ‘लई’ आणि ‘पोरी’ एवढी सूट दिली आणि लिहिलं: लई सोपे आहे की पोरी.

पुन्हा नकार. एकच संधी उरली. तिचे हात मांडीवर गेले. मला बोलायची बंदी होती आणि खिडकीबाहेर लातूरची बस भोंगा वाजवत होती.

सोमेश्वर सर रांगेतून फिरत येऊन तिच्यामागे थांबले. कागद पाहिला, पडदा पाहिला, आणि त्यांचं पुणं गळून पडलं.

“कावून थांबली गं?”

ती दचकून वळली. “न्हाई सर, थांबले न्हाई.”

ते तिच्या तोंडून निघाल्यावर तीच क्षणभर ऐकत राहिली. मग कागदावर बोट ठेवून तिनं एकेक अक्षर टाइप केलं, ‘हाय’चा ‘हा’ जरा जोरातच दाबून. संगणक उघडला.

एसटीडी बूथवरून तिनं नोकरी लागल्याचं घरी कळवलं. उमाबाईंनी लातूरच्या पाहुण्यांना काय सांगितलं ते आम्हाला कळलं नाही. पण ते आले नाहीत. जूनपासून वर्षाराणी शिकवायला लागली.

मी अंबाजोगाई सोडली त्या सकाळी छबुबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर सावरला आणि अगदी जपून म्हणाल्या, “ताई, आज दूध नाही आलं.”

मी वर्षाराणीकडे पाहिलं. ती माझी पिशवी रिक्षात कोंबत होती, तिचं लक्षच नव्हतं.

“बस निघंल,” ती म्हणाली. “पाण्याची बाटली घेतली का न्हाई?”